ताईच्या पांढऱ्या पेशी

५ फेब्रुवारी १९६२, अमरावती
यमुताईचं ऑपरेशन झालं. पोटातून संत्र्याएवढी गाठ निघाली. चांदूर बाजारहून भाऊजी आलेत. माझं एक चुकलंच. आधी पांढऱ्या पेशी मोजायला हव्या होत्या. दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांची बोटं टोचणारा मी, पण बहिणीचं बोट टोचवेना. हिमोग्लोबिनपुरता एक थेंब घेतला अन् सुटलो.

७ फेब्रु.
पेशी सोळा हजार! दहाच्या वर जायला नकोत. दोनदा मोजल्या, तेवढ्याच. सर्जनसाहेब म्हणाले, "आत पू झालाय. उद्या पुन्हा उघडू." पण ताईला ताप नाही. उलट माझ्यावरच डाफरली, "मले भूक लागून राहिली अन् तू रगतच घेऊन राहिला!"
पू असलेलं माणूस जेवण मागतं?

७, संध्या.
वॉर्डात ऑपरेशन झालेल्या चौघांचं रक्त घेतलं. एक म्हातारी म्हणे, "पोट तं फाडलं, आता बोट काहून?" चौघांच्याही पेशी वाढलेल्या, अन् चौघंही ठणठणीत. बडनेऱ्याचा रेल्वेवाला परवा हर्निया कापून घेतलेला. त्याचा आधीचा आकडा माझ्या रजिस्टरात आहे, सात हजार. आज चौदा. गडी बिडी मागतोय.
म्हणजे नुसत्या कापण्यानंही वाढतात! पू नसला तरी.

८ फेब्रु.
रजिस्टर घेऊन साहेबांपुढे उभा. भडकले. "मग पू झालेला ओळखायचा कसा?" मी म्हटलं, एका आकड्यावरून नाही, साहेब. रोज मोजू, चढतात की उतरतात ते बघू. तसेच उठून वॉर्डात आले, ताईचं पोट स्वतः दाबून पाहिलं. मऊ. "एक दिवस थांबतो. बरंवाईट झालं तर तुमच्या रजिस्टरला विचारीन."
ताईच्या आज तेरा हजार.

९ फेब्रु.
अकरा! भाऊजींना मिठीच मारली. ते बिचारे बावरले, "काय झालं बाप्पा?"

११ फेब्रु.
नऊ हजार. ई.एस.आर. मात्र चढलेलाच, नळीतलं रक्त अजून भराभर खाली बसतंय, म्हणजे आत कुठे सूज असूही शकते. साहेबांच्या कपाळावरची आठी गेलेली नाही. ऑपरेशनआधी प्रत्येकाचं रक्त मोजायचं, असा हुकूम मात्र निघालाय.
ताईनं आज वरणभात खाल्ला. मग हळूच विचारलं, "पुन्यांदा फाडू नोका म्हनला, तवा तुले पक्कं ठावं होतं ना?"
हो म्हटलं.
नव्हतं. अजूनही नाही. उद्या टाके काढणार आहेत.