लेथ सुरू झाला नाही तर

अहो,

चौऱ्याहत्तर साली लेथ घरात आला, त्या पहिल्याच दिवशी तुम्ही लोखंडाचा तुकडा चकात धरून चावीने आवळलात, चावी त्यातच विसरलात आणि मोटर सुरू केलीत. चावी उडाली ती थेट दाराबाहेरच्या पाण्याच्या पिंपात. तेव्हा आपण दोघं पोट धरून हसलो होतो.

परवा मात्र तशीच उडालेल्या चावीने खिडकीची काच फोडली. थोरला म्हणाला, "आई, पुरे झालं. बाबांचं डोकं फुटायच्या आत लेथ विकून टाकू."

मी म्हटलं, "विक की! मग दिवसभर ते माझा मिक्सर उघडून बसतील, तो तू जोडून दे."

सूनबाईला हसू आवरेना. तोडगाही तिनेच काढला. आज तुम्ही दुपारी झोपलात तेव्हा तिने मोटरशेजारी भिंतीवर एक खाचेचा स्विच बसवला. चावी चकातून काढून त्या खाचेत ठेवली, तरच मोटरला वीज मिळते. तेव्हा लेथ सुरू झाला नाही, तर बिघडला समजून मोटर खोलू नका.

थोरल्याचा राग उतरलाय. लेथ बघायला येणाऱ्या माणसाला त्याने नको म्हणून कळवलं. आम्ही दोघं काच आणायला चाललोय. सूनबाई कामावर गेली. चहा थर्मासमध्ये आहे.

आणि ड्रॉवरमधली जादा चावी शोधू नका. एक खाचेत कायमची अडकवून दुसरीने काम करायचं, हे तुम्हाला चहा संपायच्या आत सुचणार. ती मी पर्समध्ये घेतली आहे.