तापीच्या गाळातली गुलाबी कवचं

दोनापावला, गोवा
९ फेब्रुवारी २०२५

ती. पुनमवहिनीस,
रूपालीचा सा. न. वि. वि.

‘ती.’ लिहिताना अजून हसू येतं. जळगावला एम.एस्सी.ला आपण एकाच सूक्ष्मदर्शकासाठी भांडायचो. पुढे माझ्या भावाशी लग्न करून तू परस्पर वडीलधारी होऊन बसलीस. असो, नमस्कार घे.

तू घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली कवचं निवडून पाठवलेल्या स्लाइडी पोचल्या. आमच्या समुद्रसंशोधन संस्थेतल्या साहेबांनी त्या बराच वेळ पाहिल्या आणि हे काम कोणाचं म्हणून विचारलं. मी सांगितलं, ऐनपूरला आमची केळीची बाग आहे, तिथे माझी वहिनी असते, तिचं. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात आमचं जहाज तापीच्या मुखासमोर खोल समुद्रात जाणार आहे. तळात लांब नळी रोवून गाळ वर काढायचा. आपल्या घाटावरून वाहून गेलेली काळी माती शेवटी तिथेच तर जाऊन बसते. नळी वर आली की तिच्या टोकाची माती तिथल्या तिथे धुवून, फोरॅम पाहून वय सांगावं लागतं. त्यावरून ठरतं, त्याच जागी आणखी लांब नळी टाकायची की पुढे जायचं. हे काम करणारी आमची सहकारी बाळंतपणाच्या रजेवर आहे. साहेब म्हणाले, तुझ्या वहिनीला विचार.

आईने विचारलं तर असं सांग, की फोरॅम म्हणजे समुद्रातले खसखशीहून बारीक जीव, मेले की त्यांची कवचं तळाला साचतात. कोणती जात केव्हा संपली हे माहीत असलं की गाळ केव्हाचा ते कळतं. गुलाबी कवचाची जात आपल्या समुद्रातून सव्वा लाख वर्षांपूर्वी गेली. म्हणजे गुलाबी दिसलं की गाळ त्याहून जुना. आम्हाला तिथवर पोचायचं आहे.

फोनवर मुद्दाम बोलले नाही. आपल्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो. तुझं उत्तर तुझं एकटीचं असावं.

आहे तो लोभ असाच राहू दे.
तुझी
रूपाली


ऐनपूर, ता. रावेर
३ मार्च २०२५

चि. रूपाली हिस,
पुनमचे अनेक आशीर्वाद. (वडीलधारी म्हणालीस ना, मग घे.)

तुझं पत्र तांदळाच्या डब्यावर ठेवून मी आठवडाभर नुसती त्याच्या आजूबाजूने फिरले. नाही म्हणायचं ठरवलं होतं. पोरीची परीक्षा, बागेचं पाणी, आईंचे गुडघे, कारणांना काय तोटा. एके सकाळी भाकरी थापता थापता आईंना सहज सांगितलं. त्यांनी जळण आत सरकवलं आणि म्हणाल्या, जाय तू, मी शे ना घरमा. इतकी वर्षं इकडे काढली तरी पारोळ्याची बोली काही सुटली नाही त्यांची. मग विचारलं, जहाजावर भाकरी मिळते का, आणि चारी बाजूंनी पाणी असलं की माणूस कुठे बघतं.

तुझे भाऊ काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं तुला माहीत आहे, त्यात होकार असतो की नकार, हे आपण शोधत बसायचं. परवा जळगावला गेले होते, येताना चाकांची बॅग घेऊन आले. ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, जहाज हललं तर ही आपोआप पळेल, पायाशी बांधून ठेव.

धुळ्याला नानांना कळवलं. माझ्या वडिलांना एखादी गोष्ट सांगितली की ती गल्लीला सांगितली असंच समज. शेजारच्या पुष्पाबाईंनी लगेच विचारलं म्हणे, तुमची पोरगी नौदलात लागली का.

रूपा, माझी भीती समुद्राची नाही. तिथे सगळे माझ्याकडे बघून वाट पाहतील आणि मला एक वय सांगावं लागेल, तिची आहे. पण हीच भीती मला हवी होती, असंही वाटतं. कागद पाठव, सह्या करते.

तब्येत सांभाळ. माया आहे तशीच ठेव.
तुझी
पुनम


ऐनपूर
१३ मे २०२५

चि. रूपाली हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तू परत येशील तेव्हा तुला मिळेल. फोनवर मी फक्त ‘येत नाही’ एवढं म्हणाले. तू काही विचारलं नाहीस, तेच बरं झालं.

सहा तारखेला दुपारी वादळ आलं. कापणीला आलेली सगळी बाग घडांसकट आडवी झाली. केळीचं झाड मोडताना फार आवाज होत नाही, ओलं फडकं फाटल्यासारखं होतं. पण सगळी बाग एकदम मोडली, तो आवाज आम्ही घरात बसून ऐकला.

आई आणि हे, दोघांनीही मला जायलाच सांगितलं. आईंनी दशम्या बांधून दिल्या. हे भुसावळला सोडायला आले. गाडी लागली, ह्यांनी बॅग आत ठेवली, शेजारच्या बाईला माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि उतरून फलाटावर उभे राहिले. अंगावर केळीच्या चिकाने डागाळलेला तोच शर्ट, वादळापासून बदललेला नव्हता. माझ्याकडे बघत नव्हते, रुळांकडे बघत होते. गाडी हलायच्या आत मी उतरले.

मला कोणी थांबवलं नाही, हे तू नीट लक्षात ठेव. भावावर राग धरू नकोस. उलट तेच चिडले. संध्याकाळी अंगणात म्हणाले की आता या घरात जहाजाचं नाव निघालं की मला मान खाली घालावी लागेल, हे तू माझ्यासाठी करून ठेवलंस. आई मध्ये पडल्या नाहीत.

आणि खरं सांगू, माझ्या राहण्याने काहीही वाचलं नाही. मजुरांनी खोडं तोडून बांधावर ओढली. पंचनाम्याला माणसं आली आणि गेली. मी चहा केला. चहा आईंनाही करता येतो.

तुला ऐन वेळी तोंडघशी पाडलं. लोभ कमी झाला तर मी तक्रार करणार नाही.
तुझी
पुनम


दोनापावला
२८ ऑगस्ट २०२५

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

जूनमध्ये जहाजावरून उतरले तेव्हा तुझं पत्र वाट पाहत होतं. उत्तर दिलं नाही, कारण रागावले होते. तुझ्यावर की भावावर की वाऱ्यावर, ते मलाही ठरवता येईना. आई आठवड्याला फोन करून जेवलीस का विचारायची, आणि मागे तुझा भांडी लावल्याचा आवाज यायचा.

आज लिहिते आहे, कारण एक गोष्ट तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

तुझं काम शेवटी मीच केलं. मुख्य जागेवर नळी वर आली तेव्हा समुद्र खवळायला लागला होता, सगळ्यांना परतीची घाई होती. टोकाची माती धुतली, काचेखाली घेतली, आणि गुलाबी कवचं दिसली. थोडीच, पण दिसली. मी सांगून टाकलं, पोचलो, सव्वा लाखाच्या पलीकडे आहोत. लांब नळी तशीच राहिली, जहाज पुढच्या जागेकडे वळलं. लोकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

त्याच थरातली बाकीची कवचं वय काढायला बाहेर पाठवली होती. उत्तर आलं, तीस हजार वर्षं. मी पुन्हा बसून पाहिलं. गुलाबी कवचांच्या कडा झिजलेल्या आहेत. ती उतारावरच्या जुन्या थरातून घसरून नव्या गाळात येऊन मिसळली होती. गाळाचं वय त्यातल्या सगळ्यात तरुण कवचावरून धरायचं, हे आपण पहिल्या वर्षी शिकलो. घाईत मी जुनं तेवढंच पाहिलं. आम्हाला हवा असलेला थर आणखी खाली, तिथेच राहिला.

साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की तिथे पुन्हा जहाज जायला पाच-सहा वर्षं लागतील, आणि तेव्हा ते निवृत्त झालेले असतील.

थोडी माती सोबतच्या कुपीत पाठवते आहे. तुझ्या डोळ्यांनी पाहा आणि काय ते लिही. माझं मन राखू नकोस.

तुझ्या लोभाची गरज नेहमीपेक्षा जास्त असलेली,
रूपाली


ऐनपूर
१४ सप्टेंबर २०२५

चि. रूपाली हिस,
अनेक आशीर्वाद.

कुपी पोचली. गणपती, घरात पाहुणे, त्यामुळे उशीर झाला. नवी रोपं लावून झाली आहेत, गुडघ्याएवढी आली. आई बऱ्या आहेत, तुझ्या लग्नाचा विषय त्यांनी या पत्रात घालायला सांगितला होता, तो मी घातला असं समज.

माती पाहिली. गुलाबी कवचं वरून घसरून आलेलीच, कडा झिजलेल्या आहेत; तीस हजार हेच वय खरं, त्यात शंका नाही.

तुला धीर यावा म्हणून मी आधी लिहिलं होतं की जहाज हलत असताना मीही फसले असते. ते पान फाडलं. मन राखू नकोस म्हणालीस, म्हणून लिहिते, मी फसले नसते. झिजलेली कड मला पहिल्यांदा दिसते, रंग नंतर. यात तुझ्यापेक्षा हुशारी नाही, खोड आहे. पण ती खोड घेऊन मी त्या दिवशी चहा करत होते. फलाटावर उतरले त्याचं मला वाईट वाटतंच, आणि पुन्हा तोच दिवस आला तर मी चढून बसेन असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. दोन्ही खरं आहे. तू तुझ्या चुकीला माझं नाव जोडू नकोस आणि मीही तुझ्या चुकीमागे लपणार नाही.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने हातपाय धुऊन आत आले आणि म्हणाले, मला दाखव. लग्नाला नऊ वर्षं झाली, सूक्ष्मदर्शकाला त्यांनी कधी डोळा लावला नव्हता. एक गुलाबी कवच मध्ये आणून दिलं. एक डोळा हाताने झाकून बराच वेळ वाकून राहिले. ते केवढं आहे, कोण बांधतं, आत कोण राहायचं, असं हळूहळू विचारत होते. मी सांगत होते.

मग डोळा न काढताच म्हणाले की इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, मी वाळू बघत बसते.

दिवाळीला ये. रागावलेली असलीस तरी ये.
तुझी
पुनम