भोसलेमामांचं नाव
मंगळवार, संध्याकाळ

बांधकाम विभागाच्या मीटिंगमध्ये आज साहेबांनी स्वप्नीलचा तक्ता भिंतीवर लावला. शहर वाढतंय, तर कुठल्या भागाला किती माणसं लागतील, सगळं रंगीत. "याला म्हणतात काम," म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले का? असेल.

स्वप्नील माझ्यामागून नोकरीला लागलेला. तक्ता माझ्या जुन्या वहीवरून उतरवलाय, हे एका नजरेत कळलं. केडगावच्या हिरव्या चौकोनात मुकादम म्हणून भोसलेमामा होते. मामा दिवाळीतच रिटायर झाले. ते नाव खोडायचं मी विसरलो होतो आणि या शहाण्याने त्याला हिरवा रंग दिला. तिथंच बोलायला हवं होतं. नाही बोललो. म्हटलं, पडू दे तोंडघशी.

घरी येताना केडगावात टपरीवर मामाच भेटले. नवा शर्ट घातलेला.

"सायबाचा फोन आल्ता. तक्त्यात तुमचं नाव हाय, मानधनावर परत या म्हनले. घरी बसून लई जीव आंबला हुता बघा. स्वप्नीलसायबानं आठवन ठिवली."

मी मामांच्या चहाचे पैसे दिले. माझी चूकसुद्धा त्याच्याच नावावर गेली.