पदराखालचं कार्ड

शितलताईच्या सासूबाई रंगुबाई,

नमस्कार लिहीत न्हाई.

ताईच्या सिझरला तिचं सिकलसेलचं, त्या रक्ताच्या आजाराचं कार्ड तुम्ही डॉक्टरांपासनं पदराखाली दाबून धरलंत, धाकट्या लेकाची सोयरीक मोडंल म्हनून. डॉक्टरांनी नेहमीसारखी भूल दिली. ताई उठलीच न्हाई. वर म्हनालात, "तुमच्याच घरचं रक्त नासकं."

आज तिच्या लेकाचं, साईचं हर्नियाचं ऑपरेशन हाय. कार्ड मी आधीच डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं. ह्या आजारात रक्त अडकू नये म्हनून त्यांनी सलाईन लावलं, ब्लँकेट घातलं, मगच भूल द्यायची म्हनल्या. एवढं तवाबी करता आलं असतं.

आन् साईला हा आजार आई-बाप दोघांकडनं आलाय. तुमच्या थोरल्याच्या, साईच्या बापाच्या रक्ताचा रिपोर्ट माझ्या पिशवीत हाय.

हे पत्र धाडत न्हाई. साई शुद्धीवर आला की तळेगावच्या बाजारात तुमच्यासमोर उभी राहून मोठ्यानं वाचीन.

ताईची बहीण,
सारिका