होकाराच्या वरची ओळ

प्रिय धाकट्या,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, हुरळून जाऊ नकोस. फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद.

हॉस्पिटलच्या वेबसाइटचं काम आपल्या दोघांना मिळालं तेव्हा बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. म्हणजे तुझं सांगितलं. मी 'मदतीला' होते. किडनी उपलब्ध झाली की यादीतल्या रुग्णाला मेसेज जाणार आणि त्याने दोन तासांत लिंक दाबून होकार कळवायचा. ते होकाराचं पान मी लिहिलं. कोणत्या लिंकला कोणतं पान उघडायचं हे ठरवणाऱ्या पत्त्यांच्या फायलीत तू त्याच्या वर एक ओळ घुसडलीस: 'रुग्ण'पुढे चांदणीची खूण. म्हणजे लिंकमध्ये 'रुग्ण'च्या पुढे काहीही असो, स्वागताचं पान दाखवा. फाइल वरून खाली वाचली जाते, आधी जुळेल त्या ओळीचंच चालतं, म्हणून चांदणी कायम तळाला ठेवायची, हे मला शिकवलं कोणी? तूच. पण मोठ्या डॉक्टरांना पाहणीत 'पान सापडलं नाही' दिसू नये म्हणून तू ती घाईत वरच चिकटवलीस आणि शाबासकी घेऊन मोकळा झालास. मी दोनदा टोकलं, तर म्हणालास, "ताई, तुला फार शंका."

मग त्याच यादीत असलेल्या आपल्या बाबांनाच मेसेज आला. मी कामावर होते. त्यांनी चष्मा पुसून लिंक दाबली, माझ्या होकाराच्या पानाऐवजी आलेलं 'आपले स्वागत आहे' वाचलं, दाढी केली, बॅग भरली आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. दोन तासांनी किडनी यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. सर्व्हरच्या नोंदीत मी पाहिलं, खात्री म्हणून त्यांनी ती लिंक अकरा वेळा दाबली होती. मी ओळ खाली नेली आणि हॉस्पिटलला पत्राने चूक कळवली. तू त्या पत्रावर सहीसुद्धा केली नाहीस. उलट सगळ्यांना सांगत सुटलास की होकाराचं पान ताईचं होतं. चोर तो चोर, वर शिरजोर. मला तुझा राग येतो, रोज येतो.

पण त्यासाठी लिहीत नाहीये. माझी किडनी बाबांना जुळली आहे. ऑपरेशन महिन्याभरात झालं पाहिजे, पुढे त्यांना झेपणार नाही. ते नाहीच म्हणतात. "तुला कशाला कापायची? माझा होकार गेलाय. पोराचं काम आहे ते, बोलावणं येईल." होकार पोचलाच नाही असं डॉक्टर म्हणाले, तर म्हणे हॉस्पिटलवाले झाकाझाक करतात. मी म्हणाले, तर म्हणे मला भावाचं कौतुक बघवत नाही. ते फक्त तुझं ऐकतील. रविवारी ये, त्यांच्यासमोर बस आणि चूक तुझी होती हे स्वतःच्या तोंडाने सांग. माफी नंतर माग, आधी त्यांच्याकडून माझ्या किडनीला हो म्हणवून घे.

तुझीच,
ताई