लीलाच्या लग्नातली भिंत

जयपूर

प्रिय मालती,

काल तुझी धाकटी, मंगल, आली होती. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणतात भाऊजी. चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, "मावशी, दाराशेजारच्या भिंतीवरचा मांडणा तुम्हीच काढायचा. आई असती तर तिने तुम्हालाच बोलावलं असतं, है ना?"

दोन दिवसांत सांगते म्हटलं मी. ती गेल्यापासून कशात लक्ष नाही. म्हणून तुला लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला विचारू?

आपण दोघी चित्रं काढू असं कुणी म्हणालं असतं तर आपण हसलो असतो. मी चौथी पास, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर शिकलेली. तू चाळिशीची, दोन मुलींची आई. चौपन्न साली आपले नवरे एकाच कचेरीत बदलून आले आणि आपण शेजारणी झालो. दुसऱ्याच वर्षी हे गेले. मुलाची शाळा मोडायला नको म्हणून मी इथेच राहिले, शिवण शिकवू लागले. दारात रांगोळी काढणं मात्र बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतं का?

दूध घालणारी धापूबाई दिवाळीला भिंत गेरूने सारवून त्यावर खडीच्या, म्हणजे खडूसारख्या पांढऱ्या मातीच्या, पाण्याने मांडणा काढायची. तू तिच्याकडून शिकलीस आणि एक दिवस गेरू फासलेला कागद माझ्यापुढे टाकलास.

"काढ."

"अगं, मी कशी काढू?"

"कागदाला कुठे उंबरठा असतो, कमळे?"

किती महिन्यांनी हसले मी त्या दिवशी!

मग दर गुरुवारी आपण बसायचो. कापडाचा बोळा खडीत बुडवायचा आणि अनामिकेने रेघ ओढायची, एका दमात. तुझे मोर गाभण म्हशीसारखे व्हायचे. मी तसं म्हटलं की तू म्हणायचीस, "तुझी रेघ मेली शिवणाच्या मशीनची!" मुलींच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी आपले कागद सभागृहात लावले. खाली आपली नावं होती. तू तुझं नाव दोनदा मोठ्याने वाचलंस.

आणि मग लीलाचं लग्न आलं. तुझी थोरली. दारावर मांडणा मीच काढावा असा हट्ट तू धरलास. मी म्हटलं, "मालती, हे शुभकार्य आहे. पाहुणे काय म्हणतील?"

"मी काढला म्हणून सांगेन. कोणाला कळणार आहे?"

पहाटे, घरचे उठायच्या आत, मी काढला. इतकी सुंदर रेघ माझ्या हातून पुन्हा आली नाही. तुझी नणंद भिंतीसमोर उभी राहून म्हणाली, "सवाष्णीच्या हाताची कळाच वेगळी!" आपण स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसलो. का हसलो गं आपण?

अकरा महिन्यांनी लीला बाळंतपणात गेली. बाळही गेलं. त्या भिंतीला चुना तू स्वतःच्या हाताने लावलास. मी माझ्या खिडकीतून पाहत होते. गुरुवारी तू आली नाहीस. त्या गुरुवारी नाही, पुढच्याही नाही. तीन वर्षं तू एक रेघ काढली नाहीस. मी काढत राहिले, आणि कागद भरला की मला माझीच चीड यायची.

एकदा तरी येऊन भांडायचंस! शिव्या द्यायच्यास. तू भाजीवाल्याच्या गाडीपाशी "बरं आहे ना?" म्हणून पिशवी घेऊन आत जायचीस.

शेवटी दवाखान्यात तूच विषय काढलास. "कमळे, तुझ्या हाताचा दोष नाही, मला कळतं. पण मनातून जात नाही." मी तुझ्या पायांवरची चादर सारखी केली आणि निघून आले. थांबायला हवं होतं. मला राग आला होता. आठच दिवसांत तू गेलीस.

आता वाटतं, चूक मांडण्याची नव्हती. आपण तो लपवला, तिथे चुकलो. लपवला म्हणजे आपणही ते पाप मानलंच ना? उजेडात काढला असता, चार बायका बोलल्या असत्या, तू त्यांना उत्तर दिलं असतंस. मग लीला गेल्यावर आपण एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो असतो. लीला मात्र तरीही गेलीच असती. एवढंच मला ठाम ठाऊक आहे, आणि तेवढ्याने काही हलकं होत नाही.

मंगलला वाटतं, ताईच्या दारावर आईने काढला होता. उद्या मी तुझ्या घरी जाणार आहे. खडी नेणार नाही, गेरू नेणार नाही. आधी तिला सगळं सांगेन, भाऊजींच्या समोर. तुझं खोटंही त्यात उघडं पडेल. त्याची मला क्षमा कर. ती नको म्हणाली तर मागच्या ओळीत बसून अक्षता टाकीन आणि तिच्याबद्दल मनात काही ठेवणार नाही. हो म्हणाली, तर पाहुणे जमल्यावर, भर दुपारी काढीन. कुणी विचारलं कुणी काढला, तर माझं नाव सांगेन. रेघ वाकडी येईल, मालती. तशीच राहू देईन.

तुझी,
कमल