कॅप्टन कानोसा आणि माळ्यावरच्या पेट्या

२ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून कादंबरी. ठरलं म्हणजे ठरलं. रोज कारखान्यात जाण्याआधी दोन पानं, मग जग इकडचं तिकडे होवो. नायकाचं नाव कॅप्टन कानोसा. हा उडत नाही, भिंती फोडत नाही. संकट येण्याआधी ते याला ऐकू येतं, बस्स. ऐकतो आणि वेळेवर पोचतो. अशी शक्ती आजवर कोणाच्या डोक्यात आली नसणार.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी अण्णा मघापासून चष्मा मागताहेत, ते ऐका.
मोठ्या लेखकांच्या बायकाही सुरुवातीला असंच बोलत असतील.

३ फेब्रुवारी
पानं झाली नाहीत. आधी प्रेरणा हवी. म्हणून वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, खोलीतल्या लाकडी माळ्यावर चढून कॉमिक्सच्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या. तिसरीपासूनचे अंक, एकही टाकलेला नाही. तो कागदाचा वास आला आणि सगळं आठवलं. भूगोलाच्या पुस्तकात अंक लपवून वाचायचो. गळ्यात टॉवेल बांधून कपाटावरून उडी मारली होती, हात प्लास्टरमध्ये गेला, आणि मग सुट्टीभर आणखी वाचायला मिळालं. बाकीची पोरं मोठेपणी खेळाडू व्हायचं म्हणायची. मला लोकांना वाचवायचं होतं. कोणाला, ते ठरलं नव्हतं.
तसं पाहिलं तर आजही तेच करतो. पाइपच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणजे दुसरं काय.
उतरताना माळ्याच्या तुळईवर मातीची बारीक वाट दिसली. नक्षीसारखी, वळणं घेत पेट्यांकडे गेलेली. वर्णनाला उपयोगी पडेल.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
अण्णांची तक्रार: दुपारी पडल्यापडल्या वरून आवाज येतो. मी विचारलं, कसा? म्हणाले, कोणीतरी तोंड मिटून पापड खातंय तसा.
काय उपमा आहे. म्हातारपणी माणसाला भाषा सुचते. पहिल्या प्रकरणाची सुरुवात याच वाक्याने केली. अण्णांना सांगितलं, आवाज बदलला की मला कळवत जा. ते खूश झाले. पाय अधू झाल्यापासून कोणी त्यांना काम सांगत नाही.

१२ फेब्रुवारी
कारखान्यात माझं नवं पोस्टर लागलं. ‘धोका दिसला? बघत बसू नका. लगेच हालचाल करा.’ शब्द सगळे माझे. मॅनेजर म्हणाले, बरं आहे. त्यांच्या तोंडून बरं म्हणजे पुष्कळ झालं.

१५ फेब्रुवारी
अण्णांच्या चहात तपकिरी भुसा पडला. ते म्हणाले, बिस्किटाचा असेल, आणि प्यायले. बायकोने कप हातात घेतला, वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, अहो, वाळवी आहे ती. रविवारी त्या पेट्या खाली काढा.
काढतो म्हणालो. शब्द म्हणजे शब्द.

१८ फेब्रुवारी, रविवार
पेट्या काढायला चढलो. आधी अंक वर्षांप्रमाणे लावावेत म्हटलं, म्हणजे खाली आणल्यावर गोंधळ नको. लावता लावता एक वाचला. मग त्याचा पुढचा वाचायलाच हवा होता, कारण नायक विहिरीत लटकत होता. संध्याकाळ झाली. खालच्या पेटीचं झाकण उघडेना, ओढलं तर पत्र्याला मातीचं अस्तर लागल्यासारखं दिसलं. ती तशीच ठेवली. जुन्या वस्तूंशी धसमुसळेपणा करू नये.
नवीन घेतलेले अंकही सोबत वर नेले होते. ते वरच्या पेटीत बसले.
जेवताना बायकोने ताट जरा जोरात ठेवलं. पटलं असावं.

२१ फेब्रुवारी
लेकीने माझं ते पोस्टर कारखान्यातल्या कोणाकडून तरी मागवून अण्णांच्या दारावर चिकटवलं. घरात माझी कदर होते ती अशी, न बोलता. दुसरं प्रकरण जोरात.

२२ फेब्रुवारी
लेकीशी बोलणं झालं. पोस्टर कौतुकाचं नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सकाळी
बायकोने परस्पर वाळवीवाल्याला बोलावलं. तो खोलीच्या दारात उभा राहिला, वर पाहिलं आणि आत आलाच नाही. म्हणाला, सामान उतरवा, मग फोन करा. मी म्हटलं, निदान एक फवारा तरी. तो म्हणाला, साहेब, मी या माळ्याखाली उभा राहणार नाही.
कामचुकार. हल्ली कोणालाच कष्ट नकोत.
त्याचा चेहरा मात्र तिसऱ्या प्रकरणात वापरण्यासारखा आहे. चप्पल घालतानाही माळ्याकडे पाठ करत नव्हता.

२५ फेब्रुवारी
मोठा वाद. बायकोचं म्हणणं, आजच्या आज अण्णांची कॉट हॉलमध्ये आणू, पेट्यांचं तुम्ही सावकाश बघा. हॉलमध्ये माझं टेबल आहे. टेबल हललं की लय हलते, हे लिहिणाऱ्यालाच कळतं. मी म्हटलं, हे प्रकरण संपू दे, फक्त एवढंच. लेक म्हणाली, बाबा, तुमच्या कॅप्टनला हे सगळं ऐकू येत नाहीये का?
शेवटी अण्णाच आतून म्हणाले, राहू दे गं सूनबाई, त्याचं लिहून होऊ दे. मी आहे इथे आवाजावर लक्ष ठेवायला.
बायको स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता.

२७ फेब्रुवारी
अण्णांच्या कपाटाचं दार उघडेनासं झालं. माळ्याची फळी खाली येऊन त्यावर टेकली आहे. लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं. बायकोने त्यांचे धुतलेले कपडे बाहेर दोरीवरच ठेवले.
उद्या पेट्या काढणार. नक्की.

२८ फेब्रुवारी
पाठ धरली आहे. लिहिताना बसून धरली, त्यामुळे लिहिताना जाणवत नाही. उचलायचं मनात आणलं की लगेच कळ येते.
बायको म्हणाली, शनिवारी तिचा भाऊ येतोय, तो आणि ती मिळून काढतील. माझ्या पेट्यांना मी सोडून कोणी हात लावायचा नाही, असं सांगितलं. आवाज थोडा चढला माझा. लेक जेवणावरून उठली.

१ मार्च, संध्याकाळी
आनंदाची बातमी. अण्णा म्हणाले, आवाज थांबला. सकाळपासून काही नाही. वाळवी पोट भरून निघून गेली असणार. उगाच सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. बायकोला ऐकवलं. ती अण्णांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या उशाशी बसून राहिली.
चौथं प्रकरण: कॅप्टन एका म्हाताऱ्याच्या घरी येतो. इतके दिवस येणारा आवाज एकाएकी थांबतो आणि कॅप्टनला कळतं की संकट आता अगदी डोक्यावर आलं. हे मला कुठून सुचलं देव जाणे. याला म्हणतात प्रतिभा.

६ मार्च
बरेच दिवस लिहिलं नाही. वेळ नव्हता.
शनिवारी दुपारी टेबलापाशी होतो. बायकोचा भाऊ अजून यायचा होता. कॅप्टन म्हाताऱ्याकडे झेप घेतो, तिथवर आलं होतं. तेवढ्यात माळा खाली आला.
मग मी रस्त्यावर होतो. मधले जिने आठवत नाहीत. पायात काही नव्हतं, हातात पेन होतं. समोरच्या मेडिकलवाल्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, भूकंप. तो म्हणाला, आम्हाला नाही जाणवला.
वरून लेक हाका मारत होती. आधी बाबा, बाबा. मग नुसतं कोणीतरी या. मेडिकलवाला धावत वर गेला.
कोणीतरी खाली थांबणं गरजेचं होतं. अॅम्ब्युलन्सला दार कोणतं ते सांगायला नको? आपत्तीत बाहेर पडण्याचा रस्ता मोकळा आहे का हे आधी पाहायचं असतं, मी स्वतः हे ट्रेनिंग देतो. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा मी दार दाखवलं.
अण्णांच्या खांद्याचं हाड आणि बरगड्या मोडल्या. एक पेटी कॉटच्या लोखंडी कठड्यावर अडली, म्हणून डोकं वाचलं. ती पेटी बायकोने आणि लेकीने उचलून धरली आणि मेडिकलवाल्याने अण्णांना ओढून काढलं. पत्र्याने लेकीचा तळवा फाटला. टाके पडले.
पेट्या फुटल्या होत्या. वरच्या पेटीतले नवीन अंक तेवढे शाबूत. बाकी मुखपृष्ठं होती, आत माती होती.
बायकोचा भाऊ आला आणि त्याने सगळं फावड्याने भरून नेलं. मी हात लावू नका म्हणालो नाही.

८ मार्च, भेटण्याच्या वेळी, हॉस्पिटल
अण्णांना आज बसवलं. काय बोलायचं ते मी वाटेत पाठ केलं होतं: ट्रेनिंग, रस्ता, अॅम्ब्युलन्स. बोलायची वेळच आली नाही. अण्णाच नर्सला सांगत होते, एवढी जड पेटी, पण माझ्या मुलाने एकट्याने उचलली. लहानपणापासून तसाच आहे तो. कपाटावरून उडी मारायचा.
डोळ्यांत धूळ गेली होती त्यांच्या, त्यांना दिसलं नसेल. किंवा दिसलं असेल.
नर्स माझ्याकडे वळून म्हणाली, नशीबवान आहेत हो आजोबा. बायको अण्णांसाठी संत्रं सोलत होती. तिने मान वर केली नाही.
मी म्हटलं, त्यात काय एवढं, कोणीही केलं असतं.
लेक बँडेजचा हात छातीशी धरून उठली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली.